छापखान्यातला इंजिनिअर

बेंजामिन फ्रँकलिन म्हटलं की आपल्याला दोनच गोष्टी आठवतात. एक म्हणजे वादळात उडवलेला पतंग. दुसरी म्हणजे शंभर डॉलरची नोट, जिच्यावर त्याचं चित्र आहे आणि जिच्यासाठी आपले निम्मे सीनियर जीआरईची पुस्तकं डोक्याशी घेऊन झोपतात. माझीही मजल याच्या पुढे गेली नसती. पण थर्ड इयरला आम्हाला टेक्निकल रायटिंग आलं. आदल्या रात्री वाचून पास व्हायचा विषय, अशी त्याची हॉस्टेलवर ख्याती. मला मात्र तो आवडला, कारण मला वस्तू उघडून बघायची जुनी खोड आहे. घरात काही नवीन आलं की आधी मॅन्युअल वाचायचं, मग वॉरंटी संपायची वाट बघायची आणि मग स्क्रू ड्रायव्हर घेऊन बसायचं. ही मॅन्युअल्स लिहितं कोण, आणि ते लिहायला शिकतात कुठे, हा प्रश्न डोक्यात होताच. त्याचा माग काढत काढत मी १७४४ साली छापलेल्या एका शेगडीच्या पुस्तिकेपाशी पोचलो. शेगडीची कल्पना ज्याची, पुस्तिका लिहिणारा तोच आणि ती छापणाराही तोच. फ्रँकलिन!

मग मी त्याचं आत्मचरित्र वाचलं, पत्रं वाचली. त्यातून जो माणूस दिसला तो पतंगवाल्यापेक्षा कितीतरी जास्त आपल्यातला वाटला.

जन्म बॉस्टनचा, १७ जानेवारी १७०६ चा. वडील मेणबत्त्या आणि साबण करायचे. दोन लग्नांची मिळून सतरा मुलं, त्यात बेन पंधरावा. शाळा जेमतेम दोन वर्षं झाली. अक्षर लवकर सुधारलं पण गणितात गडी दोनदा गचकला. (एम-थ्रीवाल्यांनी धीर धरावा. पुढे सोळाव्या वर्षाच्या सुमारास त्याने स्वतःच अंकगणिताचं पुस्तक घेतलं आणि आरामात संपवलं.) दहाव्या वर्षी वडिलांनी त्याला मेणबत्तीच्या वाती कापायला बसवलं. तिथे मन लागेना. पुस्तकांचं वेड होतं म्हणून बाराव्या वर्षी मोठ्या भावाच्या, जेम्सच्या, छापखान्यात शिकाऊ कामगार म्हणून चिकटवलं. करार एकविसाव्या वर्षापर्यंतचा. म्हणजे नऊ वर्षांची अ‍ॅप्रेंटिसशिप, आणि स्टायपेंड बहुतेक काळ शून्य.

इथे एक गंमत झाली. बेनचा कॉलिन्स नावाचा एक दोस्त होता. दोघांना वाद घालायची भारी हौस. एकदा मुलींना शिकवावं की नाही यावर वाद पेटला आणि तो पत्रांतून चालू राहिला. बेन मुलींच्या बाजूने होता. ही पत्रं वडिलांच्या हाती लागली. वडिलांनी वादात कोण बरोबर यावर चकार शब्द काढला नाही. त्यांनी फक्त लिखाण तपासलं. शुद्धलेखन आणि विरामचिन्हांत तू सरस आहेस, पण मांडणी, स्पष्टता आणि भाषेचा डौल यांत तो तुझ्या पुढे आहे, असं त्यांनी उदाहरणं दाखवून सांगितलं. साबण करणाऱ्या माणसाने केलेलं हे मूल्यमापन मला फार थोर वाटतं. आमच्या रिपोर्टवर लाल पेनाने नुसतं टिकमार्क येतं.

बेनला ते लागलं. त्याच सुमारास लंडनच्या 'स्पेक्टेटर' या नियतकालिकाचा एक सुटा खंड त्याच्या हाती पडला. त्यातले लेख त्याला बेहद्द आवडले. मग त्याने काय केलं, ते नीट बघा. एक लेख घ्यायचा. प्रत्येक वाक्यातला मुद्दा दोन-चार शब्दांत टिपून ठेवायचा. मूळ लेख काही दिवस बाजूला ठेवून द्यायचा. नंतर फक्त टिपणांवरून तोच लेख आपल्या शब्दांत पुन्हा लिहायचा आणि मग मुळाशी ताडून चुका शोधायच्या. शब्द कमी पडतात असं जाणवलं म्हणून त्याने काही गोष्टी पद्यात रचल्या, कारण यमकासाठी आणि मात्रांसाठी एकाच अर्थाचे पाच-दहा शब्द हुडकावे लागतात. पुरेसं विसरल्यावर ते पद्य परत गद्यात आणायचं. कधी टिपणांचे कागद मुद्दाम विसकटून टाकायचे आणि काही आठवड्यांनी त्यांचा योग्य क्रम स्वतः लावायचा. हे शेवटचं विचारांची मांडणी शिकण्यासाठी. क्वचित एखाद्या बारीक जागी आपलं मुळापेक्षा बरं जमलंय असं वाटे, तेव्हा स्वारी खूश.

आपल्याकडे ड्रॉइंगच्या शीट्स जीटी मारून पूर्ण होतात. खाली ट्यूबलाइट, वर काच, काचेवर मित्राची शीट. फ्रँकलिनचा उद्योगही मुळात नकलेचाच होता, फक्त तो आधी ट्यूबलाइट बंद करायचा.

वेळ कुठून काढला? रात्री काम संपल्यावर, सकाळी काम सुरू व्हायच्या आधी आणि रविवारी चर्चला दांडी मारून. पैशांचीही युक्ती होती. सोळाव्या वर्षाच्या सुमारास एका पुस्तकाच्या नादाने तो शाकाहारी झाला. भाऊ त्याच्या जेवणाचे जे पैसे भरायचा त्यातले निम्मे रोख मागून घेतले, स्वतः रांधून खाऊ लागला आणि त्यातलेही निम्मे वाचवून पुस्तकं घेतली. मेसला कट मारून पैसे वाचवणाऱ्यांचा हा आद्य पुरुष.

१७२२ साली या पोराने भावाच्या वर्तमानपत्रासाठी लेख लिहिला. पण भाऊ आपलं काही छापणार नाही हे माहीत होतं. म्हणून सायलेन्स डूगुड नावाच्या एका विधवा बाईचं सोंग घेऊन, अक्षर बदलून, तो कागद रात्री छापखान्याच्या दाराखालून आत सरकवला. सकाळी भाऊ आणि त्याचे विद्वान मित्र त्याच्यासमोरच त्या लेखाची तारीफ करत लेखक कोण याचे अंदाज बांधत बसले! अशी चौदा पत्रं छापून आली. खरं कळल्यावर जेम्स अर्थातच खूश झाला नाही. तो बेनला मारायचाही. शेवटी १७२३ मध्ये सतरा वर्षांचा बेन करार अर्धवट टाकून पळाला आणि खिशात एक डॉलर आणि थोडी चिल्लर घेऊन फिलाडेल्फियाला उतरला.

पुढची काही वर्षं भराभर सांगतो. फिलाडेल्फियाच्या एका छापखान्यात नोकरी, मग लंडनच्या छापखान्यांत दीडेक वर्ष उमेदवारी, मग परत. १७२८ मध्ये भागीदारीत स्वतःचा छापखाना, १७२९ मध्ये 'पेन्सिल्वेनिया गॅझेट' हे वर्तमानपत्र, आणि १७३२ पासून 'पुअर रिचर्ड' नावाचं पंचांग, जे वर्षाला दहा हजारांच्या आसपास खपायचं. एक गोष्ट मात्र थांबून सांगण्यासारखी. तेव्हा अमेरिकेत टाइप ओतणारा कोणी नव्हता. एखादं अक्षर कमी पडलं की लंडनहून मागवायचं, म्हणजे काही महिने गेले. फ्रँकलिनने लंडनमध्ये टाइप ओतताना नुसतं बघितलेलं होतं. परत आल्यावर, नोकरीत असतानाच, त्याने स्वतःच साचा बनवला. हाताशी असलेली अक्षरंच पंच म्हणून वापरली, त्यांचे ठसे शिशात उठवले आणि कमी पडणारी अक्षरं ओतून घेतली. असा हा लेखक! शब्द लिहायचा आणि वेळ पडली तर अक्षरंही ओतायचा.

आता ती शेगडी.

फिलाडेल्फियाचा हिवाळा कडक. घरं तापवायची ती भिंतीतल्या उघड्या चुलीवर, जिला ते लोक फायरप्लेस म्हणतात. तिची उष्णता बहुतेक धुराड्यातून वर निघून जायची आणि तिच्या ओढीने दाराखिडक्यांच्या फटींतून गार वारा आत यायचा. समोरून भाजतोय आणि पाठ गारठलीय अशी अवस्था. वर लाकूड दिवसेंदिवस लांबून आणावं लागत होतं आणि महाग होत होतं. फ्रँकलिनने १७४० नंतरच्या एक-दोन वर्षांत यावर उपाय म्हणून बिडाच्या प्लेटा जोडून एक पेटी तयार केली. ती चुलीच्या जागेत बसवायची. आत विस्तव, त्याच्यामागे नागमोडी वाट असलेली एक हवापेटी. जळणाचा गरम धूर या हवापेटीच्या वरून पलीकडे जायचा, तिच्या पाठीमागून खाली उतरायचा आणि तळातून धुराड्यात जायचा. बाहेरची ताजी हवा हवापेटीच्या वाटेने फिरत तापायची आणि बाजूच्या भोकांतून खोलीत यायची. धूर वेगळा, हवा वेगळी. मेकॅनिकलवाल्यांना हे ओळखीचं वाटेल. हा सरळसरळ हीट एक्स्चेंजर आहे.

वस्तू तयार झाली. रॉबर्ट ग्रेस नावाच्या एका मित्राचा लोखंडाचा कारखाना होता, तो प्लेटा ओतू लागला. पण लोक घेणार कशी? त्यासाठी १७४४ मध्ये फ्रँकलिनने पुस्तिका लिहून छापली, आणि तिची रचना बघून मी थक्क झालो. आधी लाकडाची टंचाई, म्हणजे वाचणाऱ्याच्या खिशाचा प्रश्न. मग गरम हवा हलकी होऊन वर जाते वगैरे तत्त्व, घरगुती भाषेत. मग त्या वेळी वापरात असलेल्या निरनिराळ्या चुली आणि शेगड्या एकेक करून, त्यांचे गुण आणि दोष दोन्ही. आज आपण लिटरेचर सर्व्हे म्हणतो ते हेच, फक्त इथे ते कॉपी-पेस्ट नाही. मग आकृती. प्रत्येक प्लेट सुटी दाखवलेली, प्रत्येकीला अक्षर आणि मजकुरात त्याच अक्षराने तिचं काम सांगितलेलं. मग लोकांच्या शंका. तापलेल्या लोखंडाचा वास तब्येतीला वाईट, असा तेव्हा समज होता. त्याला उत्तर असं की वास लोखंडाचा नसून त्यावरच्या घाणीचा असतो, आणि ती कशी धुवायची तेही सांगितलं आहे. वापरायच्या सूचना वेगळ्या आणि गवंड्यासाठी सूचना आणखी वेगळ्या. विटा कुठे रचायच्या, धुराची वाट कुठे सोडायची, सगळं गवंड्याशी बोलल्यासारखं. मालकाला एक भाषा आणि गवंड्याला दुसरी!

आमच्या पुस्तकात 'नो युवर ऑडियन्स' असा एक धडा आहे. चार मार्कांचा प्रश्न येतो. त्या धड्याचा अर्थ मला त्या गवंड्याच्या परिच्छेदाने शिकवला, आणि तो लगेच उपयोगीही पडला. माझे थोरले काका गावी शेती करतात. मागच्या वर्षी त्यांनी विहिरीवरच्या मोटारीला मोबाइल स्टार्टर बसवला. आत सिमकार्ड असलेली पेटी, घरून कॉल लावला की मोटार चालू. वीज रात्री-अपरात्री येते, तेव्हा ही चीज म्हणजे वरदान. पण सोबतचं माहितीपत्रक इंग्रजीत, आणि मराठीचं जे एक पान होतं ते शब्दाला शब्द ठेवून केलेलं. ड्राय रनचं मराठी त्यात कोरडी धाव असं होतं. काकांनी मला फोन करून विचारलं की मोटार धावते म्हणजे नक्की जाते कुठे. सुट्टीत मी पेटी उघडून बघितली, सेटिंग्ज एकेक करून तपासल्या आणि दोन पानं मराठीत लिहिली. विहिरीतलं पाणी तळाला गेलं की मोटार आपोआप बंद होते, पाणी भरेपर्यंत पुन्हा लावू नका, असं. मग काकूंना ती मोठ्याने वाचायला सांगितली. जिथे त्या अडखळल्या तिथलं वाक्य बदललं. चार खेपांनंतर दोन पानांचं एक पान झालं आणि ते आता प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून पेटीच्या दाराला आतून चिकटवलंय. यात जळालेली मोटार म्हणजे रिवाइंडिंगचा खर्च आणि ऐन पाण्याच्या पाळीत चार-सहा दिवसांचा खोळंबा, त्यामुळे त्या एका पानाला आमच्या घरात किंमत आहे.

परत शेगडीकडे. पुस्तिका वाचून पेन्सिल्वेनियाचा गव्हर्नर इतका खूश झाला की त्याने फ्रँकलिनला ती विकण्याचा काही वर्षांचा एकाधिकार, म्हणजे पेटंट, देऊ केलं. फ्रँकलिनने ते नाकारलं. दुसऱ्यांच्या शोधांचा आपण फुकट फायदा घेतो, तेव्हा आपल्या शोधाचाही इतरांना फुकट होऊ द्यावा, असं त्याचं मत होतं. मग लंडनच्या एका लोखंडवाल्याने पुस्तिकेतूनच बरंचसं उचललं, थोडे फेरफार केले, स्वतःच्या नावावर पेटंट घेतलं आणि बरी कमाई केली. फ्रँकलिन त्याच्याशी भांडायलाही गेला नाही.

आता दुसरी बाजूही सांगायला हवी. पुस्तिका जितकी चोख होती तितकी शेगडी नव्हती. आपली खोली पूर्वीच्या दुप्पट उबदार राहते आणि लाकूड चौथाई लागतं, असा त्यात दावा आहे. बाइकच्या जाहिरातीतल्या मायलेजसारखाच तो घ्यावा. धुराला आधी खाली उतरवून मग वर चढवायचं तर धुराडं चांगलं तापलेलं हवं, नाहीतर ओढ बसत नाही आणि धूर खोलीत येतो. पुढे लोकांनी मागची हवापेटी आणि उलटी वाट काढून टाकली, धूर सरळ वर नेला आणि त्या सुटसुटीत शेगडीलाच फ्रँकलिन स्टोव्ह हे नाव राहिलं. म्हणजे नाव त्याचं, पण त्याची खास युक्ती तेवढी गायब! तो स्वतः मात्र या धुराचा पिच्छा सोडायला तयार नव्हता. १७८५ साली, वयाच्या एकोणऐंशिाव्या वर्षी, फ्रान्सहून बोटीने परतताना त्याने धूर कोंडणाऱ्या धुराड्यांची कारणं आणि त्यावरचे उपाय यावर लांबलचक लेख लिहून काढला.

रस्त्यावरच्या दिव्यांची गोष्ट अशीच छोटी पण झकास. फिलाडेल्फियात दिवे लावायचं ठरलं तेव्हा लंडनहून काचेचे गोल हंडे आले. त्यांत खालून हवा जायला जागा नव्हती, त्यामुळे धूर आतच फिरायचा आणि काच काही तासांत काळी व्हायची. रोज पुसा. कुठे धक्का लागला की अख्खा हंडा गेला. फ्रँकलिनने चार सपाट काचांचा कंदील सुचवला. वर धूर ओढणारं नळकांडं, खाली हवेसाठी फटी. सकाळपर्यंत काच स्वच्छ, आणि फुटलीच तर चारातली एकच बदलायची. मेंटेनन्सचा विचार डिझाइनमध्येच केलेला. लोक या दिव्यांचं सगळं श्रेय त्याला द्यायचे, तर त्याने लिहून ठेवलं की दाराशी दिवा लावायची मूळ कल्पना क्लिफ्टन नावाच्या माणसाची, माझा भाग फक्त दिव्याच्या आकारापुरता.

१७४८ मध्ये बेचाळिसाव्या वर्षी छापखाना भागीदाराच्या हाती सोपवून तो मोकळा झाला. तोवर विजेचं वेड लागलेलं होतं. लंडनच्या पीटर कॉलिन्सनने फिलाडेल्फियाच्या वाचनालयाला एक काचेची नळी आणि ती घासून वीज कशी करायची याची माहिती पाठवली होती. हे वाचनालयही फ्रँकलिनने आणि मित्रांनी १७३१ मध्ये वर्गणी काढून उभारलेलं. तो प्रयोग करायचा आणि कॉलिन्सनला पत्रांतून कळवायचा. हीच पत्रं १७५१ मध्ये लंडनला पुस्तिका म्हणून छापली गेली. तिच्याआधी वीज आणि आकाशातली वीज एकच असावी हा त्याचा तर्क ऐकून लंडनची विद्वान मंडळी हसली होती.

या पत्रांमुळे एक मोठं काम झालं. नव्या गोष्टीला शब्दच नव्हते, ते त्याने दिले. प्लस, मायनस, चार्ज, बॅटरी, कंडक्टर हे शब्द विजेच्या संदर्भात त्याच्याच लिखाणातून रुळले. त्याची बॅटरी म्हणजे आपली सेलची नाही. शिशाचे पातळ पत्रे लावलेली अकरा मोठी खिडकीची तावदानं त्याने एकत्र जोडली होती. तोफांच्या रांगेला बॅटरी म्हणतात, त्यावरून हे नाव. प्लस कुठे आणि मायनस कुठे, हे ठरवताना मात्र त्याच्याकडे पुरावा नव्हता, अंदाज होता. १८९७ मध्ये इलेक्ट्रॉन सापडला, तो निघाला ऋण. त्यामुळे आपण आजही सर्किटमध्ये करंटचा बाण एका दिशेने काढतो आणि इलेक्ट्रॉन बिचारे दुसऱ्या दिशेने जातात. फर्स्ट इयरला यावरून ओरलमध्ये जे काही ऐकून घ्यावं लागतं त्याचं मूळ इथे आहे.

आणि त्याने आपली फजितीही लिहिली. २३ डिसेंबर १७५० च्या संध्याकाळी तो विजेच्या धक्क्याने टर्की पक्षी मारून दाखवायच्या तयारीत होता. आजूबाजूला माणसं गप्पा मारत होती. लक्ष विचलित झालं आणि दोन मोठ्या लायडन जारचा सगळा चार्ज त्याच्या स्वतःच्या हातांतून आणि अंगातून गेला. दोन दिवसांनी लिहिलेल्या पत्रात त्याने सगळं टिपलंय. ठिणगी दिसली नाही, आवाज ऐकू आला नाही, शुद्ध हरपली, हात बधिर झाले, नंतर छाती दुखत राहिली. आपली लाज वाटते म्हणून ही गोष्ट फार पसरवू नका असं त्याने सांगितलं, पण विजेचे प्रयोग करणाऱ्या बोडनला मात्र सावध करण्यासाठी ती कळवायला परवानगी दिली. आपल्या लॅबच्या जर्नलमध्ये ऑब्झर्व्हेशन टेबलच्या खाली असं काही लिहिलेलं मी आजवर पाहिलेलं नाही. तिथे सगळ्यांच्या रीडिंग्ज सारख्याच आणि सुरेख असतात.

पतंगाचंही असंच. १७५२ च्या मे महिन्यात फ्रान्समध्ये त्याच्या पुस्तिकेतल्या सूचना वाचून लोकांनी उंच लोखंडी गज उभारला आणि ढगांतून ठिणग्या काढल्या. म्हणजे लिखाण पोचलं आणि प्रयोग दुसऱ्याच्या हातून, समुद्रापलीकडे झाला! फ्रँकलिनने पतंगाचा प्रयोग केला तो त्याच वर्षीच्या जूनमध्ये, असं मानतात. ऑक्टोबरमध्ये त्याने 'गॅझेट'मध्ये छापलं ते वर्णन मी दोनदा वाचलं. मी केलं, मला असं दिसलं, असं त्यात कुठेच नाही. देवदाराच्या दोन हलक्या पट्ट्यांचा क्रॉस करा, रेशमी रुमाल ताणून बांधा, वर टोकदार तार लावा, दोऱ्याच्या हाताकडच्या टोकाला रेशमी फीत बांधा, जोडावर किल्ली अडकवा, दाराखिडकीच्या आत उभे राहा म्हणजे फीत भिजणार नाही. निव्वळ प्रोसिजर. रंजक कहाणी नंतर इतरांनी लिहिली. (हा प्रयोग करू नका. १७५३ मध्ये सेंट पीटर्सबर्गला रिकमान नावाचा प्राध्यापक वादळी विजेच्या अशाच अभ्यासात मेला.)

आणि १७५३ च्या पंचांगात, सण-ग्रहणांच्या पानांबरोबर, एक छोटा मजकूर आला. घर विजेपासून कसं वाचवायचं. बारीक लोखंडी सळई घ्या, एक टोक ओल्या जमिनीत तीन-चार फूट पुरा, दुसरं घराच्या सर्वांत उंच भागापेक्षा सहा-आठ फूट वर ठेवा, त्याला स्वेटर विणायच्या सुईएवढी टोकदार पितळी तार फूटभर जोडा, खिळ्यांनी भिंतीला बांधा. घर लांब असेल तर दोन्ही टोकांना सळया आणि आढ्यावरून जोडणारी तार. बस्स. गावातला लोहार एवढं वाचून काम करू शकतो. पेटंट इथेही नाही. त्याच वर्षी रॉयल सोसायटीने त्याला कॉप्ली पदक दिलं.

यापुढचा फ्रँकलिन इतिहासाच्या पुस्तकातला आहे. १७७६ चा जाहीरनामा, फ्रान्समधली वकिली, १७८३ चा तह, १७८७ ची राज्यघटना. मी त्यात शिरत नाही. फक्त जाहीरनाम्याच्या वेळची एक गोष्ट राहवत नाही. जेफर्सनच्या मसुद्यावर काँग्रेस कात्री चालवत होती आणि तो कासावीस होऊन बसला होता. शेजारी बसलेल्या फ्रँकलिनने त्याला एका टोपीवाल्याची गोष्ट सांगितली. टोपीवाल्याने पाटीवर नाव, धंदा, टोप्या बनवतो, रोखीने विकतो, असं सगळं लिहून खाली टोपीचं चित्र काढलं. एका मित्राने धंदा खोडला, बनवतो म्हटल्यावर तो कशाला हवा. दुसऱ्याने बनवतो खोडलं, गिऱ्हाइकाला काय करायचंय. तिसऱ्याने रोखीने खोडलं. फुकट कोण देतं, म्हणून विकतोही गेलं. शेवटी उरलं नाव आणि टोपीचं चित्र. ग्रुप प्रोजेक्टचा रिपोर्ट चौघांनी मिळून लिहिणाऱ्यांना जेफर्सनचं दुःख कळेल.

तो देव नव्हता. घरात गुलाम होते आणि त्याच्या वर्तमानपत्रात गुलामविक्रीच्या जाहिराती छापून यायच्या. म्हातारपणी मत बदललं, १७८७ मध्ये तो गुलामगिरीविरोधी संस्थेचा अध्यक्ष झाला आणि मरणाच्या दोन महिने आधी काँग्रेसकडे तसा अर्जही केला. पण त्याआधीची अनेक वर्षं त्याने वाहून पुसली जात नाहीत. १७६४ मध्ये तो लंडनला गेला तो दहा वर्षं आलाच नाही. बायको, डेबोरा, १७७४ मध्ये त्याच्या पाठीमागे गेली.

वस्तूंची हौस मात्र शेवटपर्यंत टिकली. जवळचा आणि लांबचा असे दोन चष्मे सारखे बदलायचा कंटाळा आला म्हणून काचा अर्ध्या कापून एकाच फ्रेममध्ये बसवून घेतल्या. १७८५ च्या एका पत्रात त्याने आकृती काढून दाखवलंय, आणि एक फायदाही सांगितलाय. जेवताना ताटही दिसतं आणि समोर बोलणाऱ्याचा चेहराही, आणि चेहरा दिसला की त्याचं फ्रेंच जास्त समजतं! १७८६ मध्ये उंच फळीवरची पुस्तकं काढायला लांब काठीचा चिमटा केला. त्याचंही मापासकट वर्णन लिहून ठेवलं.

१७ एप्रिल १७९० रोजी, चौऱ्याऐंशिाव्या वर्षी तो गेला. मृत्युपत्रात त्याने आपली ओळख लिहिलीय त्यात फ्रान्समधला वकील, राज्याचा अध्यक्ष ही पदं मागून येतात. नावापुढचा पहिला शब्द मुद्रक असा आहे. तरुणपणी दोन मित्रांनी कर्ज दिलं म्हणून आपला छापखाना उभा राहिला, याची आठवण ठेवून त्याने बॉस्टन आणि फिलाडेल्फिया या दोन शहरांना एकेक हजार पौंड दिले. त्यातून पंचविशीच्या आतल्या, उमेदवारी पूर्ण केलेल्या, लग्न झालेल्या कारागिरांना पाच टक्क्यांनी कर्ज द्यायचं, दहा वार्षिक हप्त्यांत फेड. चक्रवाढीचा दोनशे वर्षांचा हिशेबही त्यातच मांडला होता. गणितात दोनदा गचकलेल्या माणसाने! प्रत्यक्ष रक्कम त्याच्या हिशेबाएवढी वाढली नाही, तरी निधी १९९० पर्यंत चालला आणि त्यातल्या पैशांतून बॉस्टनमध्ये १९०८ साली एक तंत्रशाळा उघडली. ती अजून चालू आहे.